नागवेकर सर मुदतीआधी का निघाले

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे पहिले मानकरी, आदरणीय रावजी आबा नागवेकर. रत्नागिरीहून एसटीचे धक्के सोसत वेळेवर पोचलेले प्रमुख पाहुणे, शिक्षण विस्तार अधिकारी साहेब. हायस्कूलचे मुख्याध्यापक, संस्थेचे पदाधिकारी आणि व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेली सगळी मान्यवर मंडळी. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, श्री. महिपत नागवेकर सर. समोर बसलेले ग्रामस्थ, मुंबईहून रजा काढून आलेले माजी विद्यार्थी, पलीकडे बसलेल्या माझ्या आयाबहिणी, आणि सतरंजीवर बसून मघापासून एकमेकांना चिमटे काढणारे माझे बालमित्र, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

माईक जरा खाली घे रे. आणखी थोडा. हां, आता ठीक. मघाच्या वक्त्यांची उंची आणि माझी उंची यात फरक आहे, एवढं तरी लक्षात घ्यावं.

पाहुण्यांसाठी सांगते, मी मथुरा भाटकर. गावच्या मराठी शाळेत पहिली ते चौथी शिकवते. या मंडपातल्या निम्म्या माणसांनी माझ्या हातची छडी खाल्ली आहे, त्यामुळे मी बोलायला लागले की अजून काहीजण ताठ बसतात. बसा बसा, आरामात बसा. आज छडी आणलेली नाही.

समितीचा दादू मला मघाशी कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "बाई, चांगलं चांगलं बोला हां." ऐका! ज्याला मी नाक पुसायला शिकवलं, तो मला कसं बोलायचं ते शिकवतोय. पण दादू, तुझं म्हणणं मला कळलं. चांगलं बोलण्यासारखं सरांकडे एवढं आहे की मला दिवस पुरणार नाही.

नागवेकर सर या हायस्कुलात गणित शिकवायला आले तेव्हा आपल्याकडे गणित म्हणजे भटा-शेणव्यांचं काम अशी समजूत होती. खोटं सांगत नाही, पालक येऊन म्हणायचे, "मास्तर, आमच्या पोराला गणित घालू नका, त्याला झेपायचं नाय." सर त्यांना चहा पाजायचे आणि विचारायचे, "जाळं किती हाताचं विणता? त्याला किती सूत लागतं?" तो गडी पटकन सांगायचा. सर म्हणायचे, "हे झेपतं ना? मग पोराला पण झेपेल." आणि झेपायचं की!

एक गोष्ट तर सगळ्या गावाला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण पाहुण्यांना ठाऊक नाही. नववीतला एक मुलगा शाळा सोडून मिरकरवाड्याला ट्रॉलरवर लागला. वडिलांनीच लावला. सर रविवारी पहाटेची गाडी पकडून बंदरावर गेले. तिथे माशांचा लिलाव चाललेला, ही आरडाओरड, ही चिखल-बर्फाची राड. सर धोतर सावरत त्या गर्दीत शिरले, त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि लिलाववाल्याच्या वर आवाज चढवून म्हणाले, "हा मी घेतला! बोला, कोण बोली चढवतंय माझ्यावर?" सगळं बंदर हसायला लागलं. पोराचा बापही हसला, आणि हसता हसता त्यानं पोराला सोडलं. तो मुलगा आज इथे आहे. मुंबईला गोदीत मोठ्या जागेवर आहे. तो बघा, रुमाल काढतोय. काढ बाबा, लाजू नको.

तर असे हे सर. दुसऱ्याचं पोर बंदरावरून ओढून आणणारा माणूस.

आता मला सांगा, सर निवृत्तीच्या वयाचे झाले का हो? केस पांढरे झालेत, ते खरं. पण अजून त्यांची सहा वर्षं बाकी आहेत. निमंत्रण पत्रिकेत काय छापलंय? "वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती." मघापासून चार भाषणं झाली. एकानं सरांचं अक्षर वाखाणलं, एकानं सरांची सायकल वाखाणली. कारणाशी येऊन प्रत्येकाची गाडी वळली. एकानं तर "नियतीच्या मनात वेगळेच होते" असं म्हणून पाणी प्यायलं. नियतीला कशाला मध्ये ओढता? तिनं काय केलं बिचारीनं?

दादू, खुणा करू नकोस. मला दिसतंय.

कारण बाबू आहे. सरांचा मुलगा. सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे सायकलीबद्दल बोलताहेत. मला सायकलीबद्दल बोलता येत नाही. मी त्या मुलाला पहिलीपासून चौथीपर्यंत शिकवलंय.

बाबू वर्गात असला की माझी परीक्षा असायची. प्रत्येक गोष्टीला "का?" शून्याला शून्य का म्हणायचं, हातचा डाव्या बाजूलाच का न्यायचा, भरतीचं पाणी रोज थोडं उशिरा का येतं? एकदा मी फळ्यावर उदाहरणं घातली, तर हा उभा राहून म्हणतो, "बाई, तिसरं चुकलं. पण राहू दे, कुणाला कळलं नाही." हसता काय? मला घाम फुटला होता! भांडखोर तर इतका की खेळात कुणी रडीचा डाव खेळला तर तो वाडीच्या टोकापर्यंत त्याच्या मागे जायचा. कमळावहिनी, म्हणजे बाबूची आई, रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची, "बाई, आज कुणाशी मारामारी केलीन?" मी म्हणायची, "वहिनी, कुणाशी नाही केली ते विचारा, लवकर सांगून होईल."

हाच बाबू सातवीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्याच्या यादीत वर आला. आपल्या गावातून असं कुणी कधी आलं नव्हतं. मी त्या दिवशी शाळेत खोबऱ्याच्या वड्या वाटल्या, आणि दोन वड्या त्यानं जास्त मागून घेतल्या, आणि का जास्त मिळाव्यात ते मला पटवूनही दिलं.

पुढचं सांगायला मला आबांची परवानगी हवी. आबा, तुम्ही अध्यक्ष आहात, सरांचे सख्खे चुलते आहात, आणि मला पोरीसारखं वागवलंत. तुम्ही उठणार असाल तर मी इथेच थांबते.

... ऐकलंत? आबा म्हणताहेत, "बोल गो बाय. मी खंय जात नाय."

तर ऐका. पाहुण्यांना आपली रीत ठाऊक नसेल म्हणून सांगते. महाशिवरात्रीला दुपारी अभिषेक झाला की आमच्या देवळाच्या मंडपात मानाची पंगत बसते. ती जेवणाची नव्हे. बारा-पंधरा जुनी माणसं भिंतीला टेकून बसतात, आणि शंकराचा प्रसाद म्हणून चिलीम फिरते. गांजाची. कायदा आता कडक झाला आहे, पण कायदा आमची घाटी चढून येईस्तोवर दमतो. साहेब, आपण हे ऐकलं नाही असं समजा, किंवा ऐकलंत तर फारच बरं.

त्या पंगतीत दरवर्षी आबांच्या उजव्या हाताला एका नव्या माणसाला बसवतात. ज्यानं त्या वर्षी गावाचं नाव काढलं तो. कुणी बोटीवर लागला, कुणी फौजेत भरती झाला, कुणी कातळ फोडून विहिरीला पाणी लावलं. त्याला फेटा बांधायचा, आणि चिलीम पहिल्यांदा त्याच्या हातात द्यायची. मोठा मान आहे तो. माणसं आयुष्यभर सांगतात की अमक्या साली मी आबांच्या उजवीकडे बसलो होतो.

बाबू आठवीत असतानाची महाशिवरात्र. त्या वर्षी दोघांना बसवलं. एक धोंडू, बाबूचा चुलतभाऊ, तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात नुकता गेलेला. आणि दुसरा बाबू. तेरा वर्षांचा. कारण त्यानं स्कॉलरशिप मिळवली होती.

या गावानं शिक्षणाचा मान करायची ती पहिलीच वेळ. त्याआधी कधी कुणा शिकलेल्याला त्या जागी बसवलं नव्हतं. आम्ही बायका मंडपाबाहेर उभ्या होतो आणि आमच्या अंगावर काटा आला होता, आनंदानं. पुस्तक वाचणारा पोर आबांच्या उजव्या हाताला! आपण शिक्षणाला मान द्यायला शिकलो, आणि दिला तो असा.

सर खांबाशी उभे होते. ते म्हणाले, "आबा, लहान आहे अजून." आबा म्हणाले, "अरे, परसाद हाय. येक दम. परसादाला नाय म्हनू नये." सगळ्या गावानं मुलाला फेटा बांधलेला, त्यात बाप काय बोलणार? बाबूनं दम ओढला, ठसका लागला, सगळे हसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवले. चिलीम धोंडूकडे गेली, मग आबांकडे.

चिलीम एकच होती. ओढणाऱ्यांतले हे तिघे घ्या. एक सत्तरीकडे झुकलेला, एक विशीला टेकलेला, एक तेरा वर्षांचा. गावात अजून वाद घालतात. "आबांना काय झालं? धोंडूला काय झालं? मग बाबूलाच कसं झालं? त्याचं नशीबच तसं." मला या नशिबाचा इतका संताप येतो की काय सांगू! एकेकाचं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आबांचं आधी. आबा, रागावू नका. सरकारचे प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले तेव्हा आपल्या वाडीचा वर्ग मी घ्यायची. आबा पहिल्या दिवशी पाटी घेऊन हजर. हौस दांडगी. पण दुपारची चिलीम झालेली असायची. मी "क" काढून दाखवायची, आबा मान डोलवायचे, जणू काही कीर्तनाला बसलेत. "ख"पर्यंत येईस्तोवर डोळा लागायचा. जागे झाले की पहिला प्रश्न, "मथुरा, चाय आली काय गो?" पूर्ण वर्ग संपला तरी आबांना "रावजी" लिहिता आलं नाही. शेजारी बसणारी सोनूबाई त्यांच्याच वयाची, ती नातवाची पत्रं वाचायला लागली. म्हणजे आबांनाही झालंच की. फक्त आबांची पोफळीची बाग, भातशेती, गावचा न्यायनिवाडा, हे सगळं चिलमीच्या आधीच डोक्यात पक्कं बसलेलं होतं. तेवढं राहिलं. नवं काही आत गेलं नाही, इतकंच.

हसताहेत आबा. हसा, तुम्ही हसलात म्हणजे मला पुढचं बोलवेल.

दुसरा धोंडू. त्यानं मला सांगायची मोकळीक दिली आहे. कॉलेजात त्याला सोबती मिळाले आणि रोजची सवय झाली. मला म्हणाला, "बाई, पान वाचत खाली यायचो आणि वरचं पुसलेलं असायचं. प्राध्यापक बोलायचे ते कळायचं, वर्गाबाहेर पडलो की गेलं." पहिल्याच वर्षी नापास झाला. घरी कळलं, मोठी रडारड झाली, त्यानं सोडलं. पाच-सहा महिने गेले आणि हळूहळू डोकं ताळ्यावर आलं. एक वर्ष गेलं, इंजिनियर व्हायचं होतं ते राहिलं, पण बी.कॉम. झाला, आज एसटीच्या कचेरीत आहे. तो काय म्हणाला ते मी विसरत नाही. म्हणाला, "बाई, मला परत यायला जागा होती. बारावीपर्यंतचं शिकून झालेलं होतं. बाबूचं सगळं शिकून व्हायचं होतं."

आणि आता बाबू.

एका दमानं काही होत नाही, हे मलाही कळतं. पण मान मिळालेल्या मुलाला त्या पंगतीत कायमचा प्रवेश असतो ना! सोमवारी देवळामागे मंडळी बसायची, बाबू जायचा. "आपला स्कॉलर आला" म्हणून जागा करून द्यायचे. प्रेमानं हो! कुणी वैरानं नाही केलं. पुढे सोमवारची वाट बघेनासा झाला. कुठून मिळवायचा, कुणाबरोबर बसायचा, ते विचारू नका. जो मागतो त्याला गांजा मिळतो.

घरात कळलं कसं नाही? मलाही हाच प्रश्न पडायचा. कारण बाबू बिघडला नाही. बाबू गप्प झाला. भांडण बंद, मारामारी बंद, "का" बंद. वर्गात शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून शांत बसायचा. शिक्षक म्हणाले, मुलगा सुधारला. वाडी म्हणाली, वयात आला, समज आली. कमळावहिनी एकटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, माझा पोर आता कुणाशी भांडत नाय हो. मला भीती वाटते." मी काय म्हणाले असेन? सगळ्यांनी तिला जे सांगितलं तेच. देवाला नारळ द्या म्हणून.

नववीत असताना गॅदरिंगला हायस्कूलनं त्याला बक्षीस दिलं. आदर्श वर्तनाचं. शांत, शिस्तप्रिय, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही असा विद्यार्थी म्हणून. तेव्हाचे मुख्याध्यापक आता इथे नाहीत, त्यांच्या पाठीमागे मी त्यांना काही म्हणणार नाही. चांगल्या मनाचे होते. आपल्या शाळांमधून आपण हेच तर बघतो. हाताची घडी, तोंडावर बोट. ज्याचा आवाज येत नाही तो चांगला. तर अशाच मंडपात बाबूचं नाव पुकारलं. तो सावकाश वर आला, बक्षिसाचा पेला हातात घेतला, आणि तिथेच उभा राहिला. खाली उतरायचं त्याला सुचेना. पेल्याकडे बघत उभा. लोकांना वाटलं लाजला. हसले, आणखी टाळ्या वाजवल्या. शेवटी सर उठले आणि त्याचा हात धरून त्याला पायऱ्या उतरवून घेऊन गेले. मी त्या वेळी सरांचं तोंड बघितलं. गणिताच्या माणसाला उत्तर कळायला किती वेळ लागतो?

त्यानंतर सरांनी काय नाही केलं! समजावलं, रडले, एकदा मारलंही, आणि मग स्वतः दोन दिवस जेवले नाहीत. बाबू दहावीला बसला आणि गणितात नापास झाला. ज्याचा बाप या गावाला गणित शिकवतो, तो. पुढच्या वर्षी परत बसला, पेपर सुरू झाल्यावर थोड्या वेळानं उठून समुद्रावर जाऊन बसला. मग कानात कुणी बोलतं म्हणायला लागला, आईच्या हातचं जेवेना. रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस. त्यांनी औषधं दिली, आवाज थांबले, गांजाही सुटला. दोन वर्षं झाली, बाबूनं हात लावलेला नाही.

मी स्वतः सरांबरोबर त्या डॉक्टरांकडे गेले होते. विचारलं, "डॉक्टर, असं प्रत्येकाचंच होतं का?" ते म्हणाले, "नाही बाई, प्रत्येकाचं नाही. कुणाचं होईल ते मला आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटते. पण माझ्याकडे येणाऱ्यांत एक दिसतं. जितक्या लहान वयात लागला, तितकं जास्त नेतो." तेरा-चौदाव्या वर्षी डोक्याचं बांधकाम चालू असतं म्हणाले. भिंत ओली असताना तिला टेकू नये, हे आपल्या गवंड्यालाही कळतं. आपल्याला नाही कळलं. मी विचारलं, "परत किती येईल?" म्हणाले, "सांगता येत नाही. रोज थोडं शिकवत राहा. न कंटाळणारा कुणी आहे का घरात?"

सर म्हणाले, "आहे."

मागच्या दिवाळीनंतर सर माझ्या शाळेत आले. दाराशी उभे राहिले, आत येईनात. मी म्हटलं, "सर, असे परक्यासारखे काय उभे?" तर म्हणाले, "बाई, चौथीचं गणिताचं पुस्तक आहे का एखादं जादा?" मला वाटलं कुणा नातेवाइकाच्या पोराला हवं असेल. कपाट उघडत मी सहज विचारलं, "कोण आहे हो चौथीला?"

सर म्हणाले, "बाबू."

मी कपाटात तोंड घालून उभी राहिले. मागे वळायची माझी हिंमत होईना. ज्या मुलानं चौथीत माझी चूक काढली होती, त्याला मी चौथीचं पुस्तक काढून देत होते. एकोणीस वर्षांचा आहे तो आज. मिशा फुटल्यात. अंगानं बापापेक्षा उंच.

आता कळलं पाहुण्यांना, हे कारण किती वैयक्तिक आहे ते? शाळेत दिवसभर शिकवून घरी गेलं की सर दमलेले असतात, आवाज चढतो. आवाज चढला की बाबू उठून जातो, आणि मग आठवडाभर बसत नाही. म्हणून सरांनी ठरवलं की उरलेला सगळा आवाज त्याच्यासाठी राखून ठेवायचा. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, "सर, शाळेतल्या एवढ्या मुलांचं काय?" त्यांनी मला एवढंच सांगितलं, "त्यांना दुसरा मास्तर मिळेल, बाई."

सरांनी आबांना एका शब्दानं कधी दोष दिला नाही. या हारतुऱ्याला आबाच अध्यक्ष हवेत असा हट्ट त्यांनीच धरला. पण मी सर नाही. माझी जीभ सगळ्यांना माहीत आहे. आबा, यंदा आपल्या गावातली एक मुलगी आणि एक मुलगा स्कॉलरशिपला बसलेत. माझेच विद्यार्थी आहेत दोघे. हुशार आहेत, वात आणतात. त्यांचा निकाल चांगला लागला तर त्यांचा मान करा. फेटा बांधा, पालखीपुढे चालवा, काय हवं ते करा. पण त्या पंगतीत मूल बसवू नका. मिसरूड फुटलेलं, न फुटलेलं, कॉलेजात जाणारं, कुणीही नको. मी देवाच्या विरुद्ध बोलत नाही. शंकरानं विष स्वतःच्या गळ्यात ठेवलं होतं, पोरांना वाटलं नव्हतं.

आबा... आबा, पाणी घ्या. दादू, आबांना पाणी दे.

काय म्हणताय? माईक नाही पोचत तुमच्याकडे, मी सांगते सगळ्यांना. आबा म्हणताहेत, "चिलीम मी मोडून टाकलीय गो, ह्या शिवरात्रीलाच. पर पोराचा काय परत येनार?"

ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, आबा.

मला फक्त परवाचं ठाऊक आहे. परवा सर बाजारात भेटले, चेहरा उजळलेला. म्हणाले, "बाई, बाबूनं काल भागाकार केला! तीन अंकी. बाकीसकट बरोबर. कमळानं शिरा केला." मला इतका आनंद झाला की मी भर बाजारात सरांचा हात धरला. आज सकाळी मंडप बघायला आले तर सर तिथे खुर्च्या लावत होते. हो, स्वतःच्या निरोपाच्या खुर्च्या, दुसरं कोण लावणार! मी विचारलं, "काय म्हणतो आमचा भागाकार?" सर खुर्ची पुसत राहिले. मग म्हणाले, "काल तोच भागाकार पुन्हा घातला. बराच वेळ पाटीकडे बघत बसला, बाई. मग म्हणाला, 'बाबा, हे तुम्ही मला कधी शिकवलंत?'"

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

सर म्हणाले, "म्हटलं, नाही रे, अजून शिकवलंच नाही. आज शिकवतो."

मला यापुढे फार बोलवत नाही. संस्थेनं मला बोलावलं, आपण सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, पाहुणे घड्याळाकडे न बघता बसून राहिले, याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात मी हे काढलं, कुणाला लागलं असेल, माझ्या तोंडून अधिकउणं गेलं असेल, तर आपली बाई समजून पोटात घाला. दादू, तूसुद्धा.

पत्रिकेत पुढे "सत्कारमूर्तींचे मनोगत" असं आहे. ते होणार नाही. सर्वांच्या वतीनं मीच सरांना मोकळं करते, अध्यक्षांची हरकत नसावी. सर, पाच वाजत आलेत. बाबू पाटी घेऊन बसला असेल, उशीर झाला की उठून जाईल. हार, नारळ, शाल घरी पोचवायचं आम्ही बघतो. तुम्ही निघा.